फॉर्ममध्ये निवडलं एक, जावास्क्रिप्टला मिळतं भलतंच: व्हॅल्यू नेमकी कुठे अडते?

एक साधा फॉर्म डोळ्यांसमोर ठेवू. दिवाळी फराळाची ऑर्डर. चकली, चिवडा, करंजी यांना चेकबॉक्स. 'घरपोच' की 'दुकानातून' यासाठी रेडिओ बटणं. तालुक्याचा ड्रॉपडाउन, किलोचा रकाना आणि खाली 'ऑर्डर द्या'. क्लासची नोंदणी, ट्रेकची नावनोंदणी, सोसायटीची वर्गणी असे पुष्कळ फॉर्म माझ्याकडे दुरुस्तीला येतात. विषय निरनिराळे असतात, बिघाड मात्र तेच ते. प्रॉपर्टी आणि फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच लिहायची.

लक्षणं

तुमचं लक्षण यांपैकी कुठलं ते आधी पाहा:

- व्हॅल्यू 'अनडिफाइन्ड' (म्हणजे ठरलेलीच नाही) येते.
- ग्राहकाने काहीही निवडलं तरी पहिल्याच रेडिओची व्हॅल्यू मिळते.
- 'चकली' हवी असताना नुसतं 'ऑन' मिळतं.
- कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या संदेश-खिडकीत) लाल ओळ: नलची (म्हणजे 'काहीच नाही'ची) 'व्हॅल्यू' वाचता येत नाही.
- निवड बदलली तरी जुनीच व्हॅल्यू येत राहते.
- तीन पदार्थांवर टिक, पण हाती एकच लागतो.
- उत्तर क्षणभर दिसतं आणि पान कोरं होतं.
- दोन आणि तीन किलोची बेरीज तेवीस होते.
- मराठी नाव डोळ्यांना तंतोतंत सारखं दिसतं, पण तुलना खोटी ठरते.

यातलं कुठलंही असलं तरी व्हॅल्यू बहुतेक वेळा पानावर असतेच. आपण चुकीच्या घटकाला, चुकीच्या वेळी किंवा चुकीची गोष्ट विचारत असतो. म्हणून खालच्या तपासण्या कोड नव्याने लिहायला घेण्याआधी करा. पहिल्या दोन फुकट आहेत आणि माझ्याकडे येणारी निम्मीअधिक प्रकरणं तिथेच मिटतात.

आधी घटक छापा, व्हॅल्यू नंतर

एफ१२ दाबून कन्सोल उघडा. पान कंट्रोल-एफ५ ने ताजं करा. ब्राउझर जुनी फाइल धरून बसला असेल तर तुमची दुरुस्ती चालतच नसते आणि तुम्ही भलत्याच ओळीला दोष देत बसता. नेटवर्क टॅबमधली 'डिसेबल कॅशे' ही खूण लावून ठेवली की हा संशय कायमचा मिटतो, फक्त डेव्हटूल्स (एफ१२ ने उघडणारी ही खिडकी) उघडे ठेवावे लागतात.

मग व्हॅल्यू छापायची नाही. ज्या घटकाची व्हॅल्यू वाचताय तो घटकच कन्सोल लॉगने छापायचा. पुढचा सगळा रस्ता याच एका तपासणीवर ठरतो. 'नल' आलं तर घटक सापडलेलाच नाही: आयडीचं स्पेलिंग चुकलंय किंवा स्क्रिप्ट पानाच्या आधी धावलीय. 'नोडलिस्ट' किंवा 'एचटीएमएल कलेक्शन' आलं तर हातात एक इनपुट नाही, इनपुटांची यादी आहे. यादीला व्हॅल्यू नसते, म्हणून 'अनडिफाइन्ड'. गेट एलिमेंट्स बाय नेम, गेट एलिमेंट्स बाय क्लास नेम आणि क्वेरी सिलेक्टर ऑल या तिघांकडून नेहमी यादीच येते, घटक एकच असला तरी. पहिल्या दोन नावांत 'एलिमेंट्स' असं अनेकवचन आहे, ते घाईत वाचलंच जात नाही.

खराखुरा एक इनपुट छापला गेला, तर पुढे चला.

एचटीएमएल वाचा, जावास्क्रिप्टला हात नको

'ऑन' हे लक्षण असेल तर उत्तर इथेच आहे. चेकबॉक्स किंवा रेडिओला व्हॅल्यू हा ॲट्रिब्यूट (एचटीएमएल टॅगमध्ये लिहिलेली माहिती) दिलेला नसेल तर ब्राउझर 'ऑन' हीच व्हॅल्यू मानतो. बाजूच्या लेबलमध्ये 'चकली' लिहिलंय, पण ते ग्राहकासाठी. जावास्क्रिप्टला लेबलशी काही देणंघेणं नाही.

ड्रॉपडाउनचं याच्या उलट आहे. ऑप्शनला व्हॅल्यू दिली नाही तर त्याचा मजकूर हीच व्हॅल्यू होते. त्यामुळे यादीतला पहिला, व्हॅल्यू न दिलेला 'तालुका निवडा' हा ऑप्शन कुणी न बदलता पाठवला, तर दुकानदाराच्या तक्त्यात 'तालुका निवडा' नावाचा तालुका दाखल होतो. असे तक्ते मी बरेच पाहिलेत. त्या पहिल्या ऑप्शनला रिकामी व्हॅल्यू द्या आणि सिलेक्टवर 'रिक्वायर्ड' लावा. मग ब्राउझर स्वतःच अडवतो.

आणखी तीन गोष्टी नजरेने तपासा. एका गटातल्या सगळ्या रेडिओंचं नेम अक्षरशः एकच हवं. नाही तर दोन्ही रेडिओ एकदम निवडले जातात. व्हॅल्यूभोवती अवतरणचिन्हं हवीत. ती नसतील तर 'पातळ पोहे चिवडा' मधलं 'पातळ' तेवढं व्हॅल्यू होतं आणि उरलेले शब्द निरर्थक ॲट्रिब्यूट बनून पडून राहतात. आणि एक आयडी पानावर एकदाच हवा. तयार थीम वापरणाऱ्यांना हे हमखास छळतं: थीमने मोबाइलसाठी फॉर्मची दुसरी, लपवलेली प्रत ठेवलेली असते. गेट एलिमेंट बाय आयडी पहिली सापडेल ती प्रत देतो. ग्राहक भरतो दुसरी.

विचारताय ते नेमकं काय?

आयडीने रेडिओ पकडला तर तो रेडिओ स्वतःची व्हॅल्यू सांगतो. निवडलाय का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर 'चेक्ड' या प्रॉपर्टीत (घटकाच्या आत्ताच्या माहितीत) असतं. चेकबॉक्सचंही तसंच: टिक असो वा नसो, व्हॅल्यू 'चकली'च येणार. क्वेरी सिलेक्टरला नुसतं नेम दिलं तर तो त्या नावाचा पहिला रेडिओ आणून देतो. 'काहीही निवडलं तरी घरपोच' ही तक्रार बहुधा इथलीच. सिलेक्टरच्या शेवटी कोलन लावून 'चेक्ड' जोडा, मग निवडलेलाच रेडिओ मिळेल.

इथे चौकटी कंसातलं 'चेक्ड' आणि कोलनचं 'चेक्ड' यांत गल्लत करू नका. चौकटी कंस ॲट्रिब्यूट शोधतो, म्हणजे एचटीएमएल लिहिताना सुरुवातीला निवडून ठेवलेला रेडिओ. कोलन आत्ता निवडलेला शोधतो. गेट ॲट्रिब्यूटने व्हॅल्यू वाचणाऱ्यांचंही हेच होतं: त्यांना रकान्याची मूळ व्हॅल्यू मिळते, ग्राहकाने टाइप केलेली नाही. एलिमेंट्स टॅबमध्ये पाहून खात्री करायला गेलात तर गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथेही ॲट्रिब्यूटच दिसतात. टिक बदलली तरी तिथलं 'चेक्ड' जागचं हलत नाही. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीने २०११ साली १.६ आवृत्तीत 'प्रॉप' हे वेगळं फंक्शन आणलं ते याच फरकासाठी. जुन्या नोट्समधून 'ॲटर' (ॲट्रिब्यूट वाचणारं फंक्शन) उचलून चेकबॉक्स तपासणारा कोड आजही सापडतो. दिसला की 'प्रॉप' करा.

काहीच निवडलेलं नसेल तर क्वेरी सिलेक्टर 'नल' देतो आणि पुढे डॉट व्हॅल्यू लावताच लाल ओळ येते. डॉटच्या आधी प्रश्नचिन्ह लावलं की ओळ येत नाही, 'अनडिफाइन्ड' मिळतं. पण ते मिळाल्यावर ग्राहकाला 'कसं पाठवायचं ते निवडा' असं सांगणारी ओळही लिहा. नुसतं प्रश्नचिन्ह लावून चूक गप्प केली की ऑर्डर अर्धवट जाते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

रेडिओसाठी मला दुसरी वाट जास्त आवडते: फॉर्मच्या 'एलिमेंट्स'मधून गटाचं नाव घ्यायचं आणि थेट डॉट व्हॅल्यू वाचायची. ही 'रेडिओ नोडलिस्ट' नावाची खास यादी असते आणि हिला मात्र व्हॅल्यू असते: निवडलेल्या रेडिओची. काही निवडलेलं नसेल तर रिकामी स्ट्रिंग. पण हिच्यात दोन खड्डे आहेत. पहिला चेकबॉक्सचा. ही यादी फक्त रेडिओ मोजते, म्हणून एकाच नावाच्या चेकबॉक्सांच्या गटाला व्हॅल्यू विचारली तर ती कायम रिकामी येते.

दुसरा खड्डा जास्त फसवा. समजा दिवाळीच्या शेवटच्या आठवड्यात दुकानदाराने घरपोच सेवा बंद केली आणि तो रेडिओ काढून टाकला. आता त्या नावाचा एकच रेडिओ उरला. अशा वेळी 'एलिमेंट्स'मधून यादी येतच नाही, तो एकटा रेडिओ येतो आणि तो न निवडताही आपली व्हॅल्यू सांगून मोकळा होतो. कालपर्यंत बरोबर चालणारा कोड एचटीएमएलची एक ओळ कमी झाल्याने बिघडतो, आणि जावास्क्रिप्टमध्ये कुणी हात घातलेला नसल्याने कुणाला तिकडे बघावंसंही वाटत नाही. पर्याय कमीजास्त होत असतील तर कोलन-चेक्डचीच वाट धरा.

अनेक टिक वाचायच्या असतील तर क्वेरी सिलेक्टर ऑलने सगळे निवडलेले घ्या, ॲरे डॉट फ्रॉमने खरा ॲरे करा आणि मॅपने एकेकाची व्हॅल्यू काढा. एकापेक्षा जास्त पर्याय निवडता येणाऱ्या सिलेक्टमध्येही डॉट व्हॅल्यू पहिल्या निवडीवरच थांबते. तिथे 'सिलेक्टेड ऑप्शन्स' वाचा.

कधी विचारताय?

'जुनीच व्हॅल्यू येते' म्हणणाऱ्याचा कोड उघडला की बहुतेकदा एकच चित्र दिसतं: व्हॅल्यू फंक्शनच्या बाहेर, फाइलच्या वरच्या ओळींत वाचून कॉन्स्टमध्ये (न बदलणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ठेवलेली. ती ओळ पान उघडताना एकदा चालली. त्या वेळी रकाना रिकामा होता, तो रिकामेपणा कॉन्स्टमध्ये जाऊन बसला. घटक बाहेर पकडून ठेवायला हरकत नाही, व्हॅल्यू मात्र बटण दाबल्यावर, फंक्शनच्या आत वाचायची.

'नल' येत असेल आणि आयडीचं स्पेलिंग बरोबर असेल, तर स्क्रिप्ट टॅग हेडमध्ये आहे का बघा. तिथली साधी स्क्रिप्ट फॉर्म तयार व्हायच्या आधीच धावते. टॅगवर 'डिफर' लिहिलं की ती पूर्ण पान वाचून झाल्यावर चालते. डिफर फक्त एसआरसीने जोडलेल्या बाहेरच्या फाइलला लागू पडतो. पानातच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टवर त्याचा काही परिणाम होत नाही, ती बॉडीच्या शेवटी न्या.

'आणखी एक पदार्थ जोडा' अशा बटणाने नव्या ओळी येत असतील, तर आधी लावलेले लिसनर (बदल झाला की धावणारी फंक्शनं) त्यांना लागू होत नाहीत. 'चेंज'चा एकच लिसनर थेट फॉर्मवर लावा आणि इव्हेंटच्या 'टार्गेट'वरून कुठला रकाना बदलला ते ओळखा. मात्र कोडने स्वतः चेक्ड किंवा व्हॅल्यू बदलली तर 'चेंज' होतच नाही. 'सगळं निवडा' दाबल्यावर एकूण रक्कम का बदलत नाही, याचं कारण हे. रक्कम मोजणारं फंक्शन तिथून हाताने बोलवावं लागतं.

रिसेटचंही एक वेगळंच आहे. 'रिसेट' इव्हेंट रकाने पुसण्याआधी येतो, त्यामुळे त्यात वाचलेल्या व्हॅल्यू जुन्याच असतात.

पान कोरं होत असेल

फॉर्मच्या आतल्या बटणाला टाइप दिला नाही तर ते 'सबमिट' असतं. दाबलं की व्हॅल्यू वाचली जाते, छापली जाते, आणि फॉर्म पाठवला जाऊन पान पुन्हा उघडतं. कन्सोलमध्ये 'प्रिझर्व्ह लॉग' लावून पाहा. छापलेली व्हॅल्यू टिकून दिसली तर तुमचा वाचणारा कोड ठीक आहे, इलाज फक्त पाठवण्यावर करायचाय. फॉर्मच्या 'सबमिट' इव्हेंटमध्ये प्रिव्हेंट डिफॉल्ट (ब्राउझरचं नेहमीचं पाठवणं थांबवणारं फंक्शन) लिहा. बटणाच्या 'क्लिक'वर नको: क्लिक ब्राउझरच्या तपासणीआधी होतो, म्हणजे रिक्वायर्ड रकाना रिकामा असतानाही तुमचं फंक्शन धावतं.

जाता जाता: बटणाला किंवा रकान्याला 'सबमिट' हे नेम देऊ नका. दिलं की फॉर्मचं सबमिट फंक्शन त्या नावाखाली झाकलं जातं आणि 'सबमिट हे फंक्शन नाही' अशी चक्रावणारी ओळ येते.

फॉर्मडेटातून काहीतरी गळतंय

फॉर्मडेटा (फॉर्ममधल्या व्हॅल्यू एकदम गोळा करणारा ऑब्जेक्ट) वापरणाऱ्यांनी तीन नियम पाठ करावेत. नेम नसलेला रकाना त्यात येत नाही, आयडी कितीही छान असो. टिक न केलेला चेकबॉक्स येत नाही, तिथे 'नाही' असं काही मिळणार नाही. आणि डिसेबल केलेला रकाना येत नाही. 'दुकानातून' निवडल्यावर पत्ता डिसेबल केला असेल तर पत्ता न येणं बरोबरच आहे. पण नुसता बदलता येऊ नये म्हणून डिसेबल केलेला ऑर्डर क्रमांकही असाच गळतो. त्याला 'रीडओन्ली' करा.

तीन टिकांपैकी एकच मिळण्याचं कारणही इथे सापडतं. 'गेट' पहिली व्हॅल्यू देतो. ऑब्जेक्ट डॉट फ्रॉम एन्ट्रीजने ऑब्जेक्ट केला तर एका नावाची शेवटची व्हॅल्यू उरते. चकली आणि करंजी मागवणाऱ्याला नुसती करंजी मिळते. 'गेट ऑल' वापरा.

व्हॅल्यू बरोबर आहे, पण हिशेब चुकतो

रकान्याची व्हॅल्यू नेहमी स्ट्रिंग असते, टाइप नंबर असला तरी. अधिकचं चिन्ह स्ट्रिंगा जोडतं, म्हणून २ आणि ३ चे २३. तुलनेतही हेच: स्ट्रिंग म्हणून १० हे ९ पेक्षा लहान ठरतं, कारण पहिलं अक्षर १ आहे. आधी नंबरमध्ये बदला. रिकाम्या स्ट्रिंगचा नंबर शून्य होतो, त्यामुळे 'भरलं नाही' आणि 'शून्य भरलं' यांतला फरक आकडा करण्याआधीच तपासा.

आपल्याकडचा खास त्रास पुढेच आहे. साध्या टेक्स्ट रकान्यात ग्राहक मराठी कीबोर्डने देवनागरी आकडे टाकतो. नंबर आणि पार्स इंट या दोघांनाही ते कळत नाहीत, दोघेही 'नॅन' (म्हणजे 'हा आकडा नाही') देतात. इलाज सोपा आहे: युनिकोडमध्ये देवनागरी शून्य यु+०९६६ वर आहे आणि पुढचे नऊ आकडे ओळीने. प्रत्येक आकड्याच्या कोडमधून शून्याचा कोड वजा केला की खरी संख्या मिळते. ग्राहकाला 'इंग्रजीत आकडे टाका' असं लाल अक्षरांत सुनावण्यापेक्षा हे बरं.

कऱ्हाड आणि कऱ्हाड

तालुक्याची व्हॅल्यू मराठी नावच ठेवली असेल आणि कोडमध्ये 'तालुका कऱ्हाड असेल तर घरपोच मोफत' असं लिहिलं असेल, तर तुलना एखाद्या दिवशी फसणारच. यातला ऱ तीन प्रकारे लिहिला गेलेला असू शकतो: यु+०९३१ हे एकच अक्षर, साधा र आणि खाली नुक्ता, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखे किंवा जवळजवळ सारखे दिसतात, जावास्क्रिप्टला ती तीन वेगळी नावं आहेत. नॉर्मलाइझ फंक्शन पहिले दोन एकत्र आणतं. जोडकाचा प्रकार त्यानेही सुटत नाही.

तुमचा प्रकार हाच आहे का हे पाहायला दोन्ही स्ट्रिंगांची 'लेंग्थ' छापा. आकडे वेगळे आले तर शंका नको. सारखे आले तर एकेका अक्षराचा कोड छापून बघा. कायमचा उपाय म्हणजे ऑप्शनच्या मजकुरात मराठी नाव आणि व्हॅल्यूत कोड ठेवणं. सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत तालुक्यांना आकडी कोड आहेत, तेच वापरले तर पुढे दुसऱ्या यादीशी जुळवतानाही त्रास होत नाही.

प्लगइन आणि फ्रेमवर्क

ड्रॉपडाउन सुंदर करणारे प्लगइन मूळ सिलेक्ट लपवून वर स्वतःची चौकट काढतात. व्हॅल्यू मूळ सिलेक्टमध्येच वाचा. पण प्लगइन जेक्वेरीच्या ट्रिगरने 'चेंज' करत असेल तर ॲड इव्हेंट लिसनरला तो ऐकूच येत नाही. तिथे जेक्वेरीच्या 'ऑन'नेच ऐकावं लागतं. रिॲक्टमध्ये सेट स्टेटच्या लगेच पुढच्या ओळीत स्टेट वाचलं तर जुनी निवड दिसते. हव्या त्या क्षणी इव्हेंटच्या टार्गेटची व्हॅल्यू वापरा.

इथे थांबा

फॉर्म दुसऱ्या डोमेनच्या आयफ्रेममध्ये (तुमच्या पानात बसवलेल्या दुसऱ्या पानात) असेल तर त्यातली व्हॅल्यू तुमच्या पानावरून वाचता येत नाही. ब्राउझरने हे मुद्दाम बंद केलंय. पेमेंटचे कार्ड-रकाने बहुधा असेच असतात. तिथे युक्त्या शोधू नका, त्या सेवेच्या तांत्रिक मदतीला विचारा. फाइल रकान्याची व्हॅल्यू 'फेकपाथ' दाखवते तेही मुद्दामच. खरी फाइल 'फाइल्स' या प्रॉपर्टीत असते.

किंमत किंवा सवलत रेडिओच्या व्हॅल्यूत ठेवून त्यावर पैसे घेत असाल तर आजच सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला बोलवा. एफ१२ उघडून ती व्हॅल्यू कुणीही बदलू शकतं, म्हणून किंमत सर्व्हरवर पुन्हा मोजावीच लागते. आधार क्रमांक, बँक खातं असली माहिती फॉर्ममध्ये असेल तरीही स्वतःच प्रयोग करू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे आणि निस्तरावं लागतं ते फॉर्मच्या मालकाला.

शेवटची खूण: नेटवर्क टॅबमध्ये पाठवलेली विनंती उघडा आणि 'पेलोड' बघा. तिथे सगळ्या व्हॅल्यू बरोबर आहेत पण ईमेलमध्ये किंवा तक्त्यात पोचत नाहीत, तर जावास्क्रिप्टचं काम संपलं, बिघाड पलीकडे आहे. बॅकएंडवाल्याला (सर्व्हरची बाजू पाहणाऱ्याला) फोन करताना ब्राउझरची आवृत्ती, पेलोडचा स्क्रीनशॉट (त्यातली ग्राहकाची नावं-नंबर झाकून) आणि कुठली निवड केल्यावर काय गायब होतं ते क्रमाने लिहून द्या.